क्रीडातपस्वी कर्नल सी. के. नायडू

इंदूर नगरीचे नाव घेताच अहिल्यादेवींचे पुण्यस्मरण होते, उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीची आठवण होते. आणि क्रीडाप्रेमी माणूस असेल तर त्याच्या मुखी कर्नल सी. के. नायडू हे नाव आल्यावाचून राहत नाही. नायडू जन्माने नागपूरचे, मातृभाषेने तेलुगू. परंतु आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी या नगरीत व्यतीत केली आणि येथेच देह ठेवला. म्हणून त्यांना आपले म्हणण्याचा अधिकार आम्ही इंदूरकर मोठ्या अभिमानाने बजावीत असतो. हिंदुस्थानच्या कसोटी संघाचे ते पहिले कर्णधार होते, हे आपल्या शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या गगनभेदी षटकारांच्या कथाही आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या असतात. परंतु या चरित्रात षटकारांच्या झगमगाटामागे लपलेली आणखी एक शिकवण आहे. संघात कोणाला घ्यावे, आणि घेतलेल्याने मैदानावर कसे उभे राहावे, या दोन प्रश्नांशी नायडूंचे सारे आयुष्य निगडित झालेले होते. त्या दृष्टीने हे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा हेतू आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपूर येथे एका सुखवस्तू व सुशिक्षित घराण्यात झाला. त्यांचे आजोबा नागपुरातील नामांकित वकील होते. वडील सूर्यप्रकाशराव हे विलायतेस केंब्रिज येथे शिकून आले होते व पुढे होळकर संस्थानाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. केंब्रिजच्या वास्तव्यात सूर्यप्रकाशरावांचा रणजितसिंहांशी परिचय झालेला होता. त्यामुळे क्रिकेटचे वेड या घरात आयतेच चालत आले होते. घरी अशी अनुकूलता असली, तरी मैदानावर घराण्याचा उपयोग होत नाही; तेथे ज्याचे त्यालाच धावावे लागते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये शिकत असताना कनकय्या शाळेच्या संघाचा कर्णधार झाला. पुढे तो मोदी क्रिकेट क्लबाकडून खेळू लागला. उंचापुरा, ताठ कण्याचा आणि काटक बांध्याचा हा तरुण फलंदाजी, गोलंदाजी व क्षेत्ररक्षण या तिन्ही अंगांत सारख्याच हिरिरीने भाग घेई.

त्या काळी मुंबईची चौरंगी स्पर्धा ही क्रिकेटमधील सर्वांत मोठी पर्वणी मानली जाई. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ तीत उतरत. 1916 साली तरुण नायडूंची हिंदू संघात निवड झाली आणि युरोपियनांविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. संघाचे सात गडी अवघ्या 79 धावांत बाद झाले असताना हा नवखा तरुण खेळावयास आला. पहिले तीन चेंडू त्याने शांतपणे अडविले आणि चौथा चेंडू थेट सीमेबाहेर भिरकावून षटकार वसूल केला. गोऱ्या साहेबांच्या गोलंदाजीला दबून खेळण्याचे ते दिवस होते; साहजिकच या एका फटक्याने प्रेक्षकांची छाती अभिमानाने फुगली.

त्या स्पर्धेचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. संघाची निवड धर्मावरून होई, आणि एकेका संघात पुन्हा जातीपातीचे अडसर असत. धारवाडला जन्मलेले पाळवणकर बाळू हे आपल्या काळातील अव्वल दर्जाचे डावखुरे गोलंदाज. परंतु ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील असल्याने हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळावयास 1923 साल उजाडावे लागले, आणि विठ्ठलांच्या नायकत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धा जिंकून दाखविली. निवड करणाऱ्यांची दृष्टी गुणांवरून ढळली म्हणजे हानी केवळ डावललेल्या खेळाडूचीच होत नाही, तर साऱ्या संघाची होते. याचा प्रत्यय नायडूंच्या पिढीला तारुण्यातच आला होता. पुढे त्यांना स्वतःलाही त्याचा अनुभव घ्यावा लागला.

1923 साली इंदूरच्या होळकर नरेशांनी नायडूंना आपल्या पदरी बोलावून घेतले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. सैन्याची शिस्त त्यांच्या स्वभावात मुळातच होती. आता तिला गणवेशाची जोड मिळाली. इंदूरला येण्याने त्यांच्या चरितार्थाची विवंचना मिटली, आणि इंदूरला असा एक गुरू लाभला की ज्याच्या हाताखाली पुढे खेळाडूंच्या दोन पिढ्या घडल्या.

नायडूंची कीर्ती सातासमुद्रापलीकडे नेणारा प्रसंग 1926 सालच्या डिसेंबरात घडला. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबाचा म्हणजेच एम. सी. सी.चा बलाढ्य संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशी त्यांचा सामना झाला. पहिल्या दिवशी पाहुण्यांच्या गाय अर्ल याने षटकारांची बरसात करून शतक झळकाविले होते. दुसऱ्या दिवशी नायडू फलंदाजीस आले आणि त्यांनी त्याच नाण्यात परतफेड केली, तीही सव्याज. दोन तासांच्या आत त्यांनी 153 धावा काढल्या. त्यांत 11 षटकार व 13 चौकार होते. मुंबईभर बातमी पसरली आणि कचेऱ्यांतून, दुकानांतून लोक मैदानाकडे धावले. एम. सी. सी.ने त्यांना चांदीची बॅट अर्पण करून गौरविले. हिंदुस्थानचे खेळाडू इंग्लंडच्या बरोबरीने कसोटी सामने खेळण्यास पात्र आहेत, हा विश्वास दृढ करण्यास या खेळीने मोठाच हातभार लावला. पुढे दोनच वर्षांनी, 1928 साली, हिंदुस्थानच्या क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली, आणि 1932 साली इंग्लंडमध्ये पहिला अधिकृत कसोटी सामना खेळण्याचा योग जुळून आला.

आता खरी परीक्षा आली ती निवडीची. एवढ्या विस्तीर्ण देशातून दौऱ्यासाठी मोजके खेळाडू निवडावयाचे होते, आणि अडचणी तर पावलोपावली होत्या. सविनय कायदेभंगाची चळवळ जोरात होती. राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना आपण खेळाच्या दौऱ्यावर जाणे उचित नव्हे, अशा भावनेने मुंबईच्या हिंदू जिमखान्याने सहकार्य नाकारले. विजय मर्चंट, एल. पी. जय व चंपक मेहता हे गुणी खेळाडू त्यामुळे निवडीबाहेर राहिले. दुलीपसिंह हे इंग्लंडकडून खेळत असल्याने त्यांचाही लाभ होण्यासारखा नव्हता. दुसरीकडे, संघाचा कर्णधार कोणी तरी संस्थानिकच असला पाहिजे, हे जणू ठरूनच गेले होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांत शोभेल असा, उच्च कुळातील, ऐपतदार पुरुष त्यांना हवा होता. त्याला फलंदाजी येते की नाही हा प्रश्न गौण मानला गेला. प्रथम पतियाळाच्या महाराजांचे नाव पुढे आले. त्यांना जाणे न जमल्याने पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंह उपकर्णधार नेमले गेले. देशातील सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटू नायडू या संघात होते, परंतु एक साधे खेळाडू म्हणून.

तथापि खेळाडूंच्या निवडीत काही गोष्टी मनापासून कौतुक कराव्यात अशाही घडल्या. त्यांतील एक म्हणजे लालसिंग यांची निवड. लालसिंग हा मलायातील क्वालालंपूर येथे जन्मलेला शीख तरुण. निवड-सामन्यांत भाग घेण्यासाठी तो समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आला. फलंदाज म्हणून त्याच्यापेक्षा मोठी नावे होती; परंतु मैदानावर त्याच्याइतका चपळ माणूस क्वचितच असेल. चेंडूवर झेपावण्याची त्याची तऱ्हा आणि वाऱ्याच्या वेगाने येणारी त्याची फेक पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरे. अशा खेळाडूचा संघात समावेश झाला, यावरून क्षेत्ररक्षणाचे मोल जाणणारे काही डोळे त्या वेळी होते, हे दिसून येते.

क्षेत्ररक्षणाचे हे मोल आपणही नीट समजून घेतले पाहिजे. फलंदाज शून्यावर बाद झाला तर त्याचे त्या डावातील काम तेथेच संपते. गोलंदाजाच्या हातून चेंडू काढून घेतला, तर त्यालाही दिवसभर स्वस्थ राहता येते. परंतु क्षेत्ररक्षण अकरा जणांना करावे लागते, आणि ते प्रतिपक्षाचा डाव संपेपर्यंत, प्रत्येक चेंडूला करावे लागते. अडविलेली एक धाव ही काढलेल्या एका धावेइतकीच मोलाची असते. फरक एवढाच की, धावफलकावर ती कोणाच्या नावापुढे लिहिली जात नाही. फलंदाजीला निसर्गदत्त देणगी लागते, वेगवान गोलंदाजीला शरीरसामर्थ्य लागते. परंतु चेंडूवर नजर ठेवणे, वाकणे, धावणे आणि नेमकी फेक करणे या गोष्टी परिश्रमाने बहुतेकांना साध्य होतात. तेथे राजा आणि रंक यांना एकच गवत तुडवावे लागते. या कारणाने एखाद्या संघाची खरी योग्यता पाहावयाची असेल, तर त्याच्या फलंदाजांकडे पाहण्याआधी त्याच्या क्षेत्ररक्षकांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

संघ इंग्लंडला पोहोचला आणि लवकरच एक सत्य सर्वांच्या ध्यानी आले. पोरबंदरच्या महाराजांच्या खात्यावर धावा अगदी मोजक्या जमत होत्या. परंतु या गृहस्थांच्या ठायी एक मोठा गुण होता. स्वतःची योग्यता त्यांना ठाऊक होती. महत्त्वाच्या सामन्यांत आपण बाजूस राहून लायक माणसास पुढे करावे, असा विवेक त्यांनी दाखविला. उपकर्णधार घनश्यामसिंह पाठीच्या दुखण्याने जायबंदी झाले. तेव्हा लॉर्ड्सच्या मैदानावरील पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधारपद नायडूंकडे आले. यावर संघातील काही जणांनी कुरकूर केली, असे सांगतात. नायडू करड्या शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली खेळणे कित्येकांना जड वाटे. शिवाय जो कालपर्यंत आपल्यासारखाच एक खेळाडू होता, त्याची आज्ञा का पाळावी, असाही विचार काहींच्या मनात असेल. सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत हा वाद धुमसत होता. अखेर हिंदुस्थानातून तारेने कानउघाडणी झाली आणि तो शमला. एवढ्या ऐतिहासिक सामन्याच्या उंबरठ्यावर ही धुसफूस व्हावी, हे खेदजनक खरेच. पण निवड शेवटी गुणांचीच झाली, हे महत्त्वाचे.

25 जून 1932 रोजी, शनिवारी, हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सच्या हिरवळीवर उतरला. सुमारे 24,000 प्रेक्षक जमले होते. त्या अकरा जणांकडे पाहिले असता मन आजही हर्षभरित होते. नायडू, नाऊमल जेऊमल, जनार्दन नवले व अमरसिंग हे चार हिंदू. वझीर अली, नझीर अली, जहांगीर खान व महंमद निसार हे चार मुसलमान. कोला व पालिया हे दोन पारशी. आणि लालसिंग हा शीख. चौरंगी स्पर्धेत जे एकमेकांविरुद्ध वेगवेगळ्या तंबूंतून उतरत, ते येथे एका तंबूतून बाहेर पडले. देश पारतंत्र्यात होता, तरी मैदानावर तो एक होऊन उभा राहिला होता.

इंग्लंडकडून सलामीला पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ आले. अवघ्या नऊ-दहा दिवसांपूर्वी याच जोडीने यॉर्कशायरकडून खेळताना पहिल्या गड्यासाठी 555 धावांची भागीदारी करून जागतिक विक्रम केला होता. त्यामुळे हिंदुस्थानी गोलंदाजांची धूळधाण उडणार, असाच सर्वांचा कयास होता. परंतु निसारने आपल्या तुफानी माऱ्याने सटक्लिफचा त्रिफळा 3 धावांवर उडविला आणि होम्सचा 6 धावांवर. मग आला फ्रँक वुली. पंचेचाळीस वर्षांचा मुरब्बी, कसलेला डावखुरा फलंदाज. त्याने 9 धावा केल्या असतील नसतील, तोच लालसिंगने चेंडूवर झडप घालून अशी चपळ फेक केली की, वुली धावचीत झाला. इंग्लंडचे तीन गडी केवळ 19 धावांत बाद! या तिघांतील दोघांना निसारच्या वेगाने टिपले. परंतु तिसरा गडी मिळाला तो निव्वळ क्षेत्ररक्षणावर. क्वालालंपूरहून आलेल्या त्या तरुणाच्या निवडीचे सार्थक कसोटीच्या पहिल्याच सकाळी झाले.

पुढे इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने आपल्या सुप्रसिद्ध चिकाटीने डाव सावरला. 79 धावांवर असताना तो नायडूंच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक नवले यांच्या हाती झेल देऊन परतला. पुण्याच्या मैदानांवर नावारूपास आलेले हे जनार्दन नवले केवळ यष्टिरक्षक नव्हते. हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी डावातील पहिला चेंडू खेळण्याचा मानही त्यांचाच. इंग्लंडचा डाव 259 धावांत संपला; निसारने पाच गडी बाद केले. या डावात क्षेत्ररक्षण करीत असताना झेल घेण्याच्या प्रयत्नात खुद्द कर्णधार नायडूंच्या हाताला जबर दुखापत झाली. दुसरा एखादा असता तर तंबूत जाऊन पडून राहता. परंतु ज्याने इतरांकडून चेंडूवर झेप घेण्याची अपेक्षा करावयाची, त्याला स्वतःचा हात वाचविता येत नाही. तोच दुखरा हात घेऊन ते फलंदाजीस गेले आणि 40 धावा काढून आले. हिंदुस्थानच्या 189 धावांच्या डावात तीच सर्वांत मोठी खेळी ठरली. दुसऱ्या डावात अमरसिंगने 51 धावांची झुंजार खेळी केली व लालसिंगने 29 धावा काढून त्याला साथ दिली. तथापि सामना 158 धावांनी गमवावा लागला. पराभव तो पराभवच. परंतु तो पत्करून परतणाऱ्या संघाकडे कीव म्हणून कोणी पाहिले नाही.

तो सारा दौरा नायडूंनी गाजविला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी 1,618 धावा काढल्या आणि 65 गडी बाद केले. संपूर्ण उन्हाळाभर, एकामागून एक सामने खेळत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी केलेला हा पराक्रम आहे. बर्मिंगहॅम येथे त्यांनी मारलेला एक षटकार मैदानालगतची छोटी नदी ओलांडून शेजारच्या परगण्यात जाऊन पडला, अशी आख्यायिका क्रिकेटरसिक अद्याप आवडीने सांगतात. इंग्लंडच्या प्रसिद्ध विस्डेन वार्षिकाने 1933 साली वर्षातील पाच उत्कृष्ट क्रिकेटपटूंत त्यांची गणना केली.

1933 साली जार्डिनचा संघ हिंदुस्थानात आला. मायदेशातील या पहिल्या कसोटी मालिकेत तिन्ही सामन्यांचे नेतृत्व नायडूंनी केले. मुंबईच्या सामन्यात तरुण लाला अमरनाथ यांनी 118 धावा काढून हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक नोंदविले. त्या खेळीत समोरच्या बाजूने 67 धावा काढून त्यांना आधार देणारे नायडूच होते. याच मालिकेत कलकत्त्यास इंदूरच्या एकोणीस वर्षांच्या मुश्ताक अली यांना कसोटीत प्रथम संधी मिळाली. मालिका आपण गमावली. परंतु नवे गुणी खेळाडू पुढे आले.

यानंतरचा अध्याय मात्र दुःखद आहे. 1936 साली संघ पुनश्च इंग्लंडला निघाला, तेव्हा नायडू, वझीर अली, अमरनाथ, मर्चंट यांच्यासारखे खेळाडू हाताशी असताना कर्णधारपद विजयनगरमचे महाराजकुमार यांच्याकडे गेले. त्यांचे वजन मोठे होते, संपत्ती मोठी होती; क्रिकेटमधील अधिकार मात्र बेताचा होता. तिन्ही कसोट्यांत मिळून त्यांनी 33 धावा काढल्या. पोरबंदरच्या महाराजांनी जो विवेक दाखविला होता, तो त्यांना दाखविता आला नाही. संघात तट पडले. अमरनाथांसारख्या ऐन बहरातील खेळाडूला पहिल्या कसोटीपूर्वीच शिस्तभंगाच्या नावाखाली मायदेशी परत धाडण्यात आले. ओव्हलच्या कसोटीपूर्वी तर बाका जिलानी या खेळाडूने सर्वांसमक्ष नायडूंचा पाणउतारा केला व त्याचे बक्षीस म्हणून त्याला कसोटी संघात जागा मिळाली, अशी हकीकत त्या दौऱ्यावर गेलेल्यांनीच पुढे सांगितली. ज्या जागेसाठी दुसऱ्या कोणी घाम गाळला असेल, ती जागा अशा रीतीने दिली जावी, याहून निवडीची विटंबना ती कोणती? दौरा संपल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली आणि तिने महाराजकुमारांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला.

त्या ओव्हलच्या कसोटीत नायडूंनी काय केले? मानापमानाची सल मनात ठेवून ते रुसून बसले नाहीत. दुसऱ्या डावात गबी ॲलनचा एक वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर, हृदयाच्या जागी येऊन आदळला. पाहणारे चरकले, पण नायडू पुन्हा उभे राहिले आणि 81 धावा काढूनच परतले. हाच त्यांचा अखेरचा कसोटी सामना. एकंदर सात कसोट्यांत त्यांच्या नावावर 350 धावा आणि 9 बळी आहेत. आकडे पाहून कोणी म्हणेल की, हे फारसे नाही. परंतु पहिला कसोटी सामना वाट्याला आला तेव्हा त्यांची उमेदीची कित्येक वर्षे मागे पडली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यापुढे नायडूंनी आपले सर्व लक्ष होळकर संघावर केंद्रित केले. राष्ट्रीय संघाच्या निवडीत जे त्यांच्या हाती नव्हते, ते इंदूरला त्यांच्या हाती होते. महाराजा यशवंतराव होळकर यांचा उदार आश्रय होता आणि देशभरातून गुणी माणूस हेरून आणण्याची मुभा होती. मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. त्यांच्या जोडीला जगदाळे, हिरालाल गायकवाड, भाया आणि नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. येथे कोणाची जात, धर्म वा प्रांत विचारला जात नसे. विचारली जाई ती तयारी.

ही तयारी म्हणजे काय, हे यशवंत क्लबाच्या मैदानावर जे उभे राहिले त्यांना चांगले ठाऊक होते. कर्नलसाहेबांना आळस खपत नसे. वेळेवर यावे, पोशाख स्वच्छ असावा, मैदानावर असताना पाय एका जागी रुतू नयेत, हाती आलेला झेल सुटू नये, आणि चेंडू लागला तर चोळीत बसू नये, अशी त्यांची सक्त ताकीद असे. थोर फलंदाज आहे म्हणून क्षेत्ररक्षणात कोणाला सवलत मिळत नसे. वयाने सर्वांत वडील असूनही ते स्वतः तरुणांच्या बरोबरीने धावत. मग तरुणांना सबब सांगावयास तोंड कोठून राहणार?

या कष्टांची फळे सर्व देशाने पाहिली. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत होळकर संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत दहा वेळा पोहोचला. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 या वर्षी त्याने करंडक जिंकला. पहिल्या विजयाच्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने 8 गडी बाद 912 धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. त्या सहांत पन्नास वर्षांचे कर्नल नायडू एक होते. लगेच पुढे बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी 200 धावा काढल्या. 1951-52 च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून त्यांचे दोन दात पडले. वय छप्पन्न, परंतु खेळपट्टीवरून दात बाजूस सारून ते पुन्हा पवित्र्यात उभे राहिले, गोलंदाजाला वेग कमी न करण्यास त्यांनी सांगितले आणि 66 धावा काढल्या. इतरांनी दुखापतीचा बाऊ करू नये, असे सांगण्याचा अधिकार त्यांना कोठून आला होता, ते यावरून समजते.

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. नायडूंची शिस्त कित्येकदा कठोरपणाच्या सीमेला जाऊन भिडे. ते मितभाषी होते. सहकाऱ्यांत सहज मिसळत नसत. चुकीला क्षमा करणे त्यांना जमत नसे. 1932 साली त्यांच्या कर्णधारपदाला जो विरोध झाला, त्याचे थोडे कारण त्यांच्या स्वभावातही होते. दुखापत झालेल्या खेळाडूलाही मैदान सोडू न देणारा नेता आजच्या काळात कोणाला मानवणार नाही, आणि मानवू नये. परंतु हेही तितकेच खरे की, जो नियम त्यांनी दुसऱ्यास लावला, तो स्वतःस अधिक कडकपणे लावला. त्यामुळे त्यांचा राग आलेले खेळाडूही त्यांच्याविषयीचा आदर सोडू शकले नाहीत.

1956 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. राष्ट्रीय निवड समितीचे कामही त्यांनी पाहिले. 1956-57 च्या हंगामात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. ज्या वयात माणसे काठी घेऊन सकाळी फिरावयास निघतात, त्या वयात हा पुरुष पायाला पॅड बांधून कसलेल्या गोलंदाजांना सामोरा जात होता. प्रथम श्रेणीच्या 207 सामन्यांत त्यांनी 11,825 धावा काढल्या, 26 शतके झळकाविली व 411 गडी बाद केले. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले. क्रिकेट मंडळाने 1994 सालापासून त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. तरुण खेळाडूंसाठी त्यांच्या नावाची एक राष्ट्रीय स्पर्धाही भरविली जाते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी कसोटी सामना असेल. परंतु शाळेच्या, वर्गाच्या, गल्लीच्या संघाची निवड तर आपण नेहमीच करीत असतो. ज्याची बॅट असेल त्याने कर्णधार व्हावे, ज्याच्या वडिलांनी चेंडू आणून दिला त्याला आधी खेळावयास द्यावे, मित्र म्हणून एकाला घ्यावे आणि बोलत नाही म्हणून दुसऱ्याला वगळावे, असे आपल्याकडूनही घडते. लॉर्ड्सवर पोरबंदरच्या महाराजांनी जागा सोडली म्हणून नायडू उभे राहू शकले. चार वर्षांनी तशी जागा कोणी सोडली नाही, आणि चांगले खेळाडू असूनही संघ फुटला. ज्याच्या हाती निवड आहे त्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आणि ज्याची निवड झाली आहे त्याने मैदानावर आपल्या वाट्याला आलेल्या त्या चतकोर जागेची राखण करावी. तेथे दुपारभर एकही चेंडू येणार नाही कदाचित. पण येईल तेव्हा तो अडविण्यासाठी आपण जागे असले पाहिजे. कर्नल नायडूंना याहून वेगळी आदरांजली आम्हांस सुचत नाही.